वडिलांचा रकाना

पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाल्याचं कळलं तशी मनी थेट हॉस्पिटलच्या लाँड्रीकडे धावली. तिची आई तिथे चादरी इस्त्री करायला होती. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून मनीने दारातूनच हात हलवला. वाफेत आईचा चेहरा नीट दिसत नव्हता. आईने हातातलं चादरीचं टोक जोडीदारणीकडे दिलं, बाहेर येऊन सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा विचारलं, "राहायचं कुठे?"

"वसतिगृह आहे."

"आणि खायचं?"

"तिथेच. फी, राहणं, पुस्तकं, सगळं सरकार देतं, आई. ज्यांचं उत्पन्न कमी त्यांना देतं. आपलं तर कमीच आहे."

"त्यात काय शंका," आई म्हणाली आणि हसली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "एक गोष्ट तरी आपल्याकडे कमी असल्याचा फायदा झाला म्हणायचा."

मनी हे तिचं शाळेतलं नाव नव्हतं. लहानपणी जिन्याखाली सापडेल ते मांजराचं पिल्लू ती उचलून घरी आणायची, तेव्हापासून सगळी इमारत तिला मनीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दोघी शिक्षण साहाय्य कार्यालयात गेल्या. खिडकीपलीकडे एक चष्मा लावलेली बाई होती. तिने आईचा पगाराचा दाखला पाहिला, मनीचे गुण पाहिले, आणि पेन एका जागी थांबवलं.

"वडिलांचा रकाना कोरा आहे. हयात आहेत ना?"

"आहेत," मनी म्हणाली.

"मग त्यांच्या उत्पन्नाचा दाखला लागेल."

"ते आमच्यात राहत नाहीत."

"घटस्फोट?"

मनीने आईकडे पाहिलं. आई खिडकीच्या चौकटीकडे बघत होती.

"नाही," मनीच म्हणाली.

"मग कायद्याने घर एकच धरतात." बाईचा आवाज चढला नाही. दिवसभर हेच सांगून तो सपाट झाला असावा. "हे बघ, दोन रस्ते आहेत. एक तर वडिलांचा दाखला आण. नाहीतर तुझ्या आईने आमच्या साहेबांसमोर जबाब द्यायचा, की नवरा सोडून गेलाय आणि काही देत नाही. आमचा माणूस घरी चौकशीला येईल. दहा वर्षं तरी शेजारी राहिलेल्या एका सज्ञान माणसाने ते खरं आहे असं सांगायला हवं. तसं झालं की 'परित्यक्ता' म्हणून नोंद होते आणि मग नुसतं तुझ्या आईचं उत्पन्न धरतात."

"परित्यक्ता," आई पहिल्यांदाच बोलली. "म्हणजे साध्या भाषेत टाकलेली ना?"

बाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तो आमच्या कागदावरचा शब्द आहे, बाई. मनाला लावून घेऊ नका."

दोघी घरी परतल्या. जिना चढताना वरून शेजारच्या शिंपीकाकू खाली येत होत्या. "काय मग डॉक्टरीणबाई, झालं का काम?" त्यांनी मनीच्या गालाला हात लावला, आणि आईला म्हणाल्या, "त्यांना कळवलंस की नाही? जहाजावर मिठाई वाटतील बघ."

"कळवते," आई म्हणाली.

बाबा जहाजावर आहेत, हे या इमारतीत लहान पोरालाही माहीत होतं. खरी गोष्ट अशी होती की मनी अगदी लहान असताना ते एका सकाळी कामावर म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. पुढे कळलं की दुसऱ्या गावात एका बाईबरोबर राहतात आणि तिच्या भावाच्या भागीत टायरचं दुकान चालवतात. आईने ना भांडण केलं, ना कोर्टाची पायरी चढली. जुनी खोली सोडून ती शहराच्या या टोकाला दुसरी शोधू लागली. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी राजी होईना. हिंडून हिंडून पाय दुखायला लागले तेव्हा या इमारतीच्या मालकाने विचारलं, "नवरा काय करतो?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जहाजावर असतात. इंजिनात."

खोली मिळाली. मग ते वाक्य सांभाळणं आलं. आईने उभ्या जन्मात समुद्र दोनदा पाहिला होता, पण जहाज कुठल्या बंदराला लागलंय हे ती न अडखळता सांगू शकायची. आठवड्यातून एकदा दोरीवर पुरुषाचा एक शर्ट वाळत पडायचा. वर्षाकाठी कधीतरी ती मनीला घेऊन लांबच्या एका बहिणीकडे जायची. "जहाज दोनच दिवस थांबणार होतं, म्हणून आम्हीच भेटून आलो," असं परत आल्यावर सांगायची आणि शिंपीकाकूंना परदेशचा म्हणून वासाचा साबण द्यायची. मनीला खरं काय ते कळत होतं. घराबाहेर काय बोलायचं हेही ती दात घासायला शिकावं तसं शिकली होती.

हे सगळं असंच चाललं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण शिंपीकाकूंना एकुलता एक मुलगा होता. तो शाळा संपवून घरी बसला तेव्हा काकू एका दुपारी आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांग ना, याला जहाजावर कुठेतरी चिकटवा. कष्टाला मागे हटणार नाही." आई नाही म्हणू शकली नाही. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि तिच्याकडचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "सांगते," ती म्हणाली. पुढच्या वेळी म्हणाली, "सांगितलंय, बघतो म्हणालेत." काकूंनी मुलाच्या दाखल्यांच्या प्रती दिल्या, त्याही आईने ठेवून घेतल्या. मुलगा वाट बघू लागला. इमारतीतली पोरं त्याला कप्तान म्हणू लागली. "काय कप्तान, बोट कुठवर आली?" असं कोणी विचारलं की तोही हसून हाताने लांबवर दाखवायचा. अशी काही वर्षं गेली. आता तो एका शीतगोदामात खोकी उचलायचा, आणि नाव मात्र कप्तानच राहिलं होतं.

म्हणून त्या संध्याकाळी आई चुलीपुढे नुसती उभी राहिली आणि मनीलाही कळलं की अडचण साहेबांसमोर बोलण्याची नाही. या मजल्यावर शिंपीकाकूंच्या घराशिवाय दहा वर्षं राहिलेलं दुसरं कोणीच नव्हतं. बाकीचे भाडेकरू येत होते आणि जात होते.

"मी बाबांकडे जाऊन बघते," मनी म्हणाली.

आईने मान वळवली नाही. "जा," एवढंच म्हणाली.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. बाबा एका चाकाशेजारी उकिडवे बसले होते. अंगाने सुटले होते. आधी गिऱ्हाईक समजून "बोला" म्हणाले, मग हळूहळू उठले. "आईवर गेलीस," असं म्हणून त्यांनी हात पुसले, तिला आत बसवलं, समोरून थंड बाटली मागवली. पशुवैद्यक म्हटल्यावर त्यांना खरंच आनंद झाला. दुकानातल्या दोघांना त्यांनी सांगितलंही, "पोरगी डॉक्टर होणार, गुराढोरांची." कोणाची पोरगी, ते सांगितलं नाही.

मनीने काम सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले.

"माझा दाखला जोडलास तर तुला दमडी मिळायची नाही," ते म्हणाले. "दुकान बरं चालतं. उत्पन्नाची मर्यादा सहज ओलांडेल."

"मग नुसतं लिहून द्या. आमच्याबरोबर राहत नाही आणि काही देत नाही, एवढंच."

"आणि उद्या तुझ्या आईने तो कागद कोर्टात दाखवला तर? इतक्या वर्षांची पोटगी मागितली तर?"

"ती नाही मागणार."

"ती नाही मागणार. पण तिला कोणी शिकवलं तर?" ते हे वाईट बोलत नव्हते. गिऱ्हाइकाला चाकाची अडचण समजावून सांगावी तसं सांगत होते. "तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस. शिकलेली आहेस, तुला कळेल."

निघताना त्यांनी घडी घातलेल्या थोड्या नोटा तिच्या हातात कोंबल्या, बसच्या भाड्याला म्हणून. तिने त्या घेतल्या. परतीच्या वाटेवर तिला त्यांच्या बोलण्यापेक्षा याचीच जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाड झालेत का?"

"हो."

"व्हायचेच," आई म्हणाली.

मग मनी म्हणाली, "राहू दे आई. मी पुढच्या वर्षी बघते. तोवर दवाखान्यात कामाला लागते." कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात ती सुट्टीच्या दिवशी पिंजरे धुवायला जायची. तिथल्या डॉक्टरनेच तिला अर्ज भरायला लावला होता.

"पुढच्या वर्षी तुझे बाबा काय नवे होणार आहेत?" आई म्हणाली. "तोंड माझं आहे, मीच उघडते."

साहेबांसमोरचा जबाब फार लवकर संपला. आईने नाव सांगितलं, काम सांगितलं, नवरा कधी गेला ते सांगितलं. साहेबाने वाचून दाखवलं, आईने सही केली. बाहेर आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिने पाणी मागितलं. मग उठली आणि म्हणाली, "आता शेजारच्या ताईंकडे."

शिंपीकाकू मशिनवर होत्या. शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी पडला होता. "ये गं," त्या न बघताच म्हणाल्या. आई दाराजवळ उभी राहिली, मनी तिच्या मागे.

"ताई, एक सांगायचंय. हे जहाजावर नाहीत. कधीच नव्हते. आम्हाला टाकून गेलेत, मी इथे राहायला यायच्या आधीच. त्याची चौकशी करायला माणूस येणार आहे. त्याला तुम्ही सांगाल का, की इथे कधी कोणी पुरुष राहिला नाही?"

मशिन चालूच होतं. काकूंनी हातातली शिवण टोकापर्यंत नेली, दोरा दाताने तोडला आणि मग हात मांडीवर ठेवले.

"मग माझ्या पोराचे कागद?"

"पेटीत आहेत. जपून ठेवलेत."

"आणि ते साबण?"

"इथल्याच बाजारातले."

काकूंनी मान हलवली, जणू हिशोब जुळत होता. "लिफ्टच्या कंपनीने बोलावलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "शिकवणार होते, मग नोकरी. मीच नको म्हटलं. लिफ्टमध्ये वरखाली काय करतोस, म्हटलं, जहाजावर जाऊन जग बघ. दोन वर्षं तो सकाळी उठून तुझ्या दाराकडे बघायचा. मी त्याला दटावायचे, सारखं विचारू नकोस, त्या बिचारीचा नवरा लांब असतो, आधीच जीवाला घोर."

"ताई, मला नाही म्हणता आलं नाही."

"म्हणता आलं नाही," काकू म्हणाल्या. "जा तू. मला हे गणवेश आजच द्यायचेत."

पुढच्या आठवड्यात चौकशीला माणूस आला. हातात हेल्मेट, बगलेत फाइल, जिने चढून दमलेला. त्याने सगळी खोली पाहिली, कपाट उघडायला लावलं, बाथरूममधले ब्रश मोजले. मग शेजारचं दार वाजवलं. मनी आणि आई आपल्या उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"यांचे पती इथे राहतात का?"

"मी त्यांना पाहिलेलं नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे ते सोडून गेलेत हे खरं?"

"ते मला काय माहीत? इतकी वर्षं ही बाई सांगायची, जहाजावर आहेत. पैसे पाठवतात, भेटवस्तू पाठवतात. दोरीवर त्यांचे कपडे वाळायचे. आता म्हणते तसं काही नव्हतं. तिचं तेव्हाचं खरं की आताचं, ते तुम्ही बघा. मी खोटं बोलणार नाही."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. माणसाने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. जाताना तो मनीला हळूच म्हणाला, "जबाब जुळत नाहीत. मी तर असंच लिहिणार. वर काय ठरवतील सांगता येत नाही."

वरच्यांनी फाइल अडवून ठेवली. महाविद्यालयात प्रवेश पक्का करायची मुदत जवळ आली. मनी रोज खिडकीपाशी जायची आणि चष्म्याची बाई रोज मान हलवायची. आईने बोलणंच कमी केलं. जिन्यात काकू समोर आल्या की ती भिंतीला टेकून वाट द्यायची, आणि काकू जागा रिकामी असल्यासारख्या निघून जायच्या. इमारतीतल्या बायकांना आता सगळं कळलं होतं. कोणी टोमणा मारला नाही. त्या आईशी एकदम गोड बोलू लागल्या, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

एका सकाळी मनी कार्यालयात पोचली तर बाकावर कप्तान बसला होता. अंगात गोदामाचं जाड जाकीट तसंच होतं. रात्रपाळी करून तो सरळ इकडे आला होता.

"तू कशाला?" मनीने विचारलं.

"जबाब द्यायला. सज्ञान शेजारी मीही आहे."

"कप्तानदादा, आईने जे केलं त्याचं..."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "खूप आधीपासून. एकदा मी बंदरावरच्या भरतीच्या कचेरीत जाऊन आलो होतो. घरी सांगितलं मित्राकडे जातो. तिथे तुझ्या बाबांचं नाव दिलं. त्यांनी शोधलं. त्या नावाचा माणूस कुठल्याच जहाजावर नव्हता. कारकून म्हणाला, पोरा, तुला कोणीतरी बनवलंय."

"मग तू बोलला का नाहीस?"

कप्तानने जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली घेतली. "काय बोलायचं? घरी येऊन आईला सांगायचं की तू मला उगाच बसवून ठेवलंस? आणि दुसरं म्हणजे, तोवर मी जहाजावर जाणारा होतो. सांगितलं असतं तर मग नुसता बेकार होतो. लिफ्टवाल्यांनी तोवर दुसरा घेतला होता."

आत बोलावणं आलं तसा तो उठला. त्याने साहेबाला सगळं सांगितलं. बंदरावरची कचेरी सांगितली, तिथे काय उत्तर मिळालं तेही सांगितलं. साहेबाने त्याला दोनदा विचारलं, "हे तुम्ही इतके दिवस घरी का नाही सांगितलं?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "ते लिहायची गरज आहे का?"

लिहावं लागलं. जबाबाची एक प्रत फाइलीला लागली आणि एक नियमाप्रमाणे त्याच्या पत्त्यावर गेली. ते पाकीट काकूंनी फोडलं.

त्या दिवशी शेजारून भांडणाचा आवाज येईल म्हणून मनी आणि आई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. आवाज आला नाही. मशिनचाही आला नाही. कप्तान जिन्यात बसलेला मनीला दिसला. ती शेजारी बसली तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या आईवर तिचा राग आहे, तो ठीकच आहे. पण मला म्हणाली, तू तरी मला येडं करायला नको होतंस." नंतर महिन्याभरात तो गोदामाच्या दुसऱ्या शाखेत बदली मागून गेला. तिथे कामगारांना राहायला खोल्या होत्या. सामान न्यायला आला तेव्हा काकूंनी त्याचे शर्ट इस्त्री करून दिले, पण दारापर्यंत आल्या नाहीत.

साहाय्य मंजूर झालं. महाविद्यालय सुरू होऊन गेलं होतं, तरी जागा शिल्लक होती. मनी गेली. वसतिगृहात तिला जिन्याजवळची अंधारी खोली मिळाली, कारण बाकीच्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. पहिले काही दिवस तिला गायीच्या जठराचे कप्पे पाठ होईनात. वर्गातल्या मुली घरी फोन करताना हसायच्या. मनी फोन करायची तेव्हा आई विचारायची, "जेवलीस का?" आणि सांगायची, "इकडे सगळं ठीक आहे." शेजारचं काही विचारलं की म्हणायची, "मशिन चालू असतं." काकू आजारी पडल्या तेव्हा आईने पेज करून दारात ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तिथेच गार झाली, तशी आईने भांडं उचलून आणलं. हे तिने मनीला बऱ्याच दिवसांनी, दुसरंच काहीतरी सांगताना सांगितलं.

वर्ष संपलं. साहाय्य पुढे चालू ठेवायचं तर परिस्थितीत बदल झालेला नाही असं दरवर्षी समक्ष येऊन सांगावं लागतं, हे तेव्हा कळलं. मनी सुट्टी काढून आली. दोघी पुन्हा त्याच खिडकीपाशी उभ्या राहिल्या. चष्म्याची बाई बदलली होती, तिथे आता एक तरुण पोरगा होता. मागे रांग होती, आणि तो जरा मोठ्यानेच विचारत होता.

"पतीबद्दल काय?"

"टाकून गेलेत," आई म्हणाली.

"परत आले? काही पैसे? संपर्क?"

"नाही. नाही. नाही."

मागच्या वर्षी या पायऱ्यांवर बसून जिने पाणी मागितलं होतं ती ही बाई नव्हती. घराचा पत्ता सांगावा तसं तिने ते सांगितलं, आणि पोराने पुढचं विचारायच्या आत सही करायला हात पुढे केला. मनी शेजारी उभी होती. आपल्याला अजून साडेचार वर्षं लागणार, म्हणजे आईला इथे अजून चारदा यावं लागणार, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते बोलून दाखवलं नाही.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "गाडी किती वाजता आहे तुझी?"

"संध्याकाळची."

"मग मी कामावर जाऊन येते. अर्धी पाळी भरेल," आई म्हणाली आणि पिशवी खांद्यावर नीट करून बसथांब्याकडे चालू लागली.